हजार विड्यांमागचे मनगट : अतिवापराची वेदना आणि व्यायामोपचार

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या व रुग्णसंख्येच्या पानांबरोबरच एखाद्या आजाराची सविस्तर माहिती द्यावी, हा प्रघात आम्ही आजवर पाळत आलो आहोत. मधुमेह, उच्च रक्तदाब, क्षयरोग यांसारख्या विषयांवर यापूर्वी लेखन झाले. या वर्षी मनगटदुखीचा विषय पुढे आला तेव्हा विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी, "मनगटदुखी हा काय अहवालात लिहिण्याजोगा आजार आहे?" अशी पृच्छा केली. पृच्छा रास्तच होती. मनगट दुखून कोणी दगावत नाही. त्यासाठी अतिदक्षता विभागातील खाट अडत नाही, की रक्तासाठी नातेवाइकांना रात्रीबेरात्री धावाधाव करावी लागत नाही. परंतु सोलापूरसारख्या गावात भौतिकोपचार विभागाच्या बाकावर सकाळी जाऊन बसावे आणि तेथे आलेल्या भगिनींशी दोन शब्द बोलावे, म्हणजे या दुखण्याचे मोल कळते. ज्या घरात मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते, त्या घरात मनगट थांबले की चूलही अडखळते.

सोलापूरची ओळख बाहेरगावी चादरींमुळे आणि टॉवेलांमुळे झाली. येथील तेलुगूभाषक विणकर समाजाचे पुरुष मागावर जात आणि घरच्या स्त्रिया विड्या वळीत, ही विभागणी कित्येक पिढ्यांची आहे. कुंभारी येथे महिला विडी कामगारांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची घरे २००६ साली ताब्यात मिळाली आणि अनेक कुटुंबांना हक्काचे छप्पर लाभले. पण छप्पर बदलले तरी मांडीवरचे सूप बदललेले नाही. आमच्याकडे मनगटदुखीसाठी येणाऱ्या रुग्णांत या भगिनींचा भरणा मोठा आहे. त्यांच्याबरोबर शिलाई यंत्रावर गणवेश शिवणाऱ्या, कडक भाकरीच्या उद्योगात दिवसभर भाकऱ्या थापणाऱ्या स्त्रिया येतात. अलीकडे संगणकावर काम करणारी तरुण मंडळीही येऊ लागली आहेत. या सर्वांचे दुखणे मुळात एकाच जातीचे आहे. या लेखात आम्ही मुख्यतः विडी कामगार भगिनींविषयी लिहीत आहोत, कारण त्यांच्या कामात या विकाराची कारणे अत्यंत स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

विडी वळणे म्हणजे काय, हे ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. तेंदूची पाने भिजवून मऊ करावयाची, मापाच्या पत्र्याभोवती कात्री फिरवून ती कापावयाची, चिमटीने तंबाखू पसरावयाची, दोन्ही हातांचे अंगठे व बोटे यांच्यात पान फिरवून घट्ट वळावयाचे, टोक दुमडावयाचे आणि दोऱ्याची गाठ मारावयाची. एका विडीत अंगठ्यावर जोर पडणाऱ्या किमान पाच हालचाली धरल्या तर हजार विड्यांमागे त्या पाच हजार होतात. आठ तासांत हजार विड्या वळणाऱ्या स्त्रीला एका विडीसाठी जेमतेम एकोणतीस सेकंद मिळतात, आणि त्यातच पाने कापण्याचाही वेळ आला. याशिवाय धुणे पिळणे, भाकरी थापणे, कडेवर मूल घेणे ही कामे आहेतच. ती कोणी मोजत नाही, मनगट मात्र मोजते.

दुखते ते नेमके काय?

मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसविलेली असतात. बोटे हलविणारे स्नायू बोटांत नसून बहुतांशी कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि त्यांचे बळ लांब, दोरीसारख्या कंडरांमधून बोटांपर्यंत पोहोचते. मनगटापाशी या कंडरा अरुंद बोगद्यांतून जातात. बोगद्यांच्या भिंती गुळगुळीत असतात आणि आतील ओलाव्यामुळे कंडरा सहज सरकते. रहाटाचा दोर चाकावरून न अडता फिरावा, तसेच काहीसे. परंतु तीच हालचाल, त्याच कोनात, विसाव्याशिवाय होत राहिली की बोगद्याचे आवरण हळूहळू जाड होते आणि कंडरेला जागा अपुरी पडू लागते.

अंगठ्याच्या बाजूला मनगटावर असाच एक बोगदा आहे व त्यातून अंगठा बाहेर ओढणाऱ्या दोन कंडरा जातात. येथील दुखण्याचे वर्णन स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ साली केले आणि आजही हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या दिशेने वाकविली असता मनगटाच्या कडेला सणसणीत कळ येते, ही त्याची ओळखीची खूण. (या चाचणीला सर्वत्र फिंकेलस्टाइन यांचे नाव दिले जाते. वस्तुतः मुठीत अंगठा धरण्याचा हा प्रकार त्यांच्या आधी आयकहॉफ यांनी सांगितला होता. वैद्यकातही श्रेयाची वाटणी नेहमी न्याय्य होतेच असे नाही.) विडी वळणाऱ्या स्त्रियांत हा विकार आम्हांस वारंवार आढळतो. बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत, दिवसभर बाळ उचलणाऱ्या मातांमध्येही तो होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरा महत्त्वाचा विकार तळहाताच्या बाजूचा आहे. तेथील बोगद्यातून बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची नस अशा दहा गोष्टी दाटीवाटीने जातात. वरून एक जाड, न ताणला जाणारा पट्टा छतासारखा पसरलेला असतो. आत थोडी जरी सूज आली तरी छत वर उचलले जात नाही आणि दाब नसेवर पडतो. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. यात दुखण्यापेक्षा मुंग्या व बधिरपणा अधिक जाणवतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्याच भागाला मुंग्या येतात. करंगळी सहसा सुटते, कारण तिची नस या बोगद्यातून जात नाही. रुग्ण मध्यरात्री जागी होते, हात झटकते, मग बरे वाटते. "रात्री हात मेल्यासारखा होतो" हे वाक्य आम्ही मराठीत, तेलुगूत आणि कानडीत इतक्या वेळा ऐकले आहे की, ते ऐकताच निम्मे निदान होते. निम्मेच होते, हे मात्र लक्षात घ्यावे. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, गरोदरपण या अवस्थांतही हाच त्रास उद्भवतो. म्हणून प्रथम भेटीत साखरेची व आवश्यक वाटल्यास थायरॉइडची तपासणी करण्याचा आमचा आग्रह असतो. मनगट दाखवावयास आलेल्या रुग्णाला मधुमेह असल्याचे त्याच दिवशी प्रथम कळावे, असे प्रसंग आमच्याकडे नवे नाहीत.

कामाने हात जायबंदी होतो ही जाणीव संगणकाच्या युगातली आहे, असा एक समज दिसतो. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या रोगांवरचा आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला. पुढील आवृत्तीत त्यांनी लेखनिकांच्या हाताविषयी लिहिले. सतत बसणे, हाताची एकाच प्रकारची अविरत हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण, ही तीन कारणे त्यांनी दिली. उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहावयास शिकलेल्या एका लेखनिकाची हकीकतही त्यात आहे. काही काळाने त्याचा डावा हातही त्याच दुखण्याने धरला. उजवे मनगट दुखते म्हणून कात्री डाव्या हातात घेणाऱ्या भगिनी आम्हांस भेटतात, तेव्हा या तीनशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाची आठवण होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत हे दोन्ही विकार नावानिशी आहेत. तेव्हा हे दुखणे 'वयाचे' किंवा 'अशक्तपणाचे' म्हणून बाजूला सारता येणार नाही.

आमची एक चूक

येथे एक कबुली देणे आम्ही कर्तव्य समजतो. अनेक वर्षे आमच्या बाह्यरुग्ण विभागात या दुखण्यासाठी वेदनाशामक गोळ्या, चोळावयाचे मलम आणि "सहा आठवडे हाताला पूर्ण विश्रांती द्या" असा सल्ला देण्यात येत असे. सल्ला पुस्तकाबरहुकूम होता. रुग्ण मान डोलावीत व परत येत नसत. दुखणे बरे झाले म्हणून त्या येत नाहीत, असा आमचा सोयीस्कर समज होता. पुढे वस्तीत भरविलेल्या शिबिरात त्यांतीलच काहीजणी भेटल्या. दुखणे होते तसेच होते, किंबहुना वाढले होते. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या त्या रोज घेत होत्या आणि त्यामुळे पोटात आग पडू लागली होती. एका ज्येष्ठ भगिनीने आमच्या भौतिकोपचार तज्ज्ञ बाईंना सरळच विचारले, "बाई, सहा आठवडे सूप खाली ठेवलं तर मला पुन्हा पानं कोण देईल?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. जो उपचार रुग्णाला परवडत नाही तो कागदावर कितीही शुद्ध असला तरी उपचार ठरत नाही. शिवाय शास्त्राचीही दुसरी बाजू होती. डी क्वेर्व्हेनच्या विकारात शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेले आवरण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले असता त्यात दाहापेक्षा जाडी व झीज अधिक आढळते. म्हणूनच केवळ दाह कमी करणाऱ्या गोळ्यांचा उपयोग मर्यादित ठरतो. जाड झालेल्या, अडखळणाऱ्या भागाला पूर्णपणे स्थिर ठेवूनही दीर्घकालीन लाभ होत नाही. त्याला सावकाश, मोजून-मापून हालचाल द्यावी लागते. त्या शिबिरानंतर आम्ही 'काम थांबवा' हा सल्ला बहुतांश रुग्णांच्या बाबतीत सोडून दिला आणि 'काम तोडून करा' हा सल्ला देऊ लागलो.

व्यायाम कसे शिकविले जातात

व्यायाम म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर जोर-बैठका येतात. मनगटाच्या व्यायामात जोर जवळजवळ नसतोच. उलट पहिल्या पंधरवड्यात अधिक जोर लावणाऱ्या रुग्णांना आवरणे हेच आमच्या तज्ज्ञांचे मोठे काम असते. बाजारात मिळणारा रबरी चेंडू आणून तो दिवसभर दाबीत राहणे हा तर या दुखण्यातला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत अनिष्ट असा व्यायाम होय. ज्या पकडीने हात दुखावला तीच पकड पुन्हा हजार वेळा करावयाची, यात औषध ते कोणते? चेंडूची, किंवा कणकेच्या गोळ्याची, पाळी येते ती अगदी शेवटी, दुखणे शमल्यावर.

आरंभ कोमट पाण्याने होतो. पातेल्यातील कोमट पाण्यात मनगट पाच-दहा मिनिटे बुडवून बोटे सैलपणे उघड-मीट करावीत. बोटे बधिर असणाऱ्यांनी पाण्याची उष्णता दुसऱ्या हाताने किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीकडून पाहून घ्यावी. बधिर हाताला भाजल्याचे कळत नाही.

त्यानंतर कंडरा सरकविण्याचा व्यायाम. हा आमच्या उपचाराचा कणा आहे, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. मनगट सरळ ठेवून बोटे आकाशाकडे ताठ करावीत. ही मूळ स्थिती. पहिल्या प्रकारात बोटांची मुळे सरळच ठेवून केवळ पुढचे दोन सांधे वाकवावयाचे, म्हणजे हाताचा आकडा होतो. पुन्हा ताठ. दुसऱ्यात पूर्ण मूठ. पुन्हा ताठ. तिसऱ्यात फक्त मुळाशी वाकवून बोटे सरळ पुढे धरावयाची. याला आमच्या तज्ज्ञ बाई 'छप्पर' म्हणतात. पुन्हा ताठ. चौथ्यात बोटे मुळाशी व मधल्या सांध्यात वाकवून टोके सरळच ठेवून तळहाताला टेकवावयाची, ही 'चपटी मूठ'. प्रत्येक स्थितीत सावकाश पाच आकडे मोजावेत. अशा पाच आवर्तनांपासून आरंभ करून दहापर्यंत जावे आणि दिवसातून दोन-तीन वेळा हा क्रम करावा. प्रत्येक बोटाला मिटविणाऱ्या दोन कंडरा असतात, एक वरची व एक खोलवरची. साध्या कामात त्या बहुधा जोडीने सरकतात. आकड्याच्या स्थितीत खोलवरची कंडरा वरचीहून अधिक सरकते आणि दोघींमधील चिकटपणा सैल होण्यास मदत होते. म्हणूनच चारांपैकी आकडा चुकवू नये, असे आम्ही बजावून सांगतो.

मुंग्यांचा त्रास असणाऱ्यांना यापुढे नस सरकविण्याचा व्यायाम देतात. सैल मूठ, मग बोटे सरळ, मग मनगट किंचित मागे, मग अंगठा बाहेर, मग तळहात वर वळविणे, आणि शेवटी दुसऱ्या हाताने अंगठ्याला अगदी हलका ताण. हा क्रम वाचून घरी करू नये. तो एकदा तज्ज्ञांसमोर करूनच न्यावा. कंडरेला ताण सोसतो, नसेला सोसत नाही. मुंग्या क्षणभर आल्या व गेल्या तर हरकत नाही. रेंगाळल्या तर त्या दिवशी तेथेच थांबावे.

मनगट पुढे-मागे ताणण्याचे व्यायाम सर्वांस परिचित आहेत. हात कोपरात सरळ ठेवून तळवा समोर, बोटे वर, आणि दुसऱ्या हाताने बोटे आपल्याकडे हलकेच ओढावयाची. नंतर हाताची पाठ समोर करून तसेच. प्रत्येकी पंधरा ते तीस सेकंद, तीन वेळा. मुंग्या असणाऱ्यांनी यात बेताने घ्यावे, कारण मनगट फार मागे किंवा फार पुढे वाकले की बोगद्यातील दाब वाढतो.

अंगठ्याच्या विकारात दुखणे थोडे निवळल्यावर बळ वाढविण्याचा एक विशेष प्रकार उपयोगी पडतो. हात मांडीवर टेकवून, अंगठा वरच्या बाजूला ठेवून, पाव लिटर पाण्याची बाटली हातात धरावी. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट अंगठ्याच्या दिशेने वर न्यावे आणि मग मदत काढून घेऊन ते अतिशय सावकाश खाली येऊ द्यावे. उचलताना नव्हे, उतरवताना कंडरेला काम मिळते. आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. वजन वाढविण्याची घाई करू नये.

मान आणि खांदे विसरले जातात. दिवसभर सुपावर वाकून बसलेल्या स्त्रीचे खांदे कानांपर्यंत चढलेले असतात. खांदे मागे फिरविणे, पाठीची दोन्ही पाती जवळ आणून पाच आकडे धरणे, एवढे जरी तासाभराने केले तरी हातात फरक जाणवतो, असा आमचा अनुभव आहे.

किती दुखू द्यावे, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. आमचा नियम साधा आहे. व्यायाम करताना सौम्य ओढ चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे आदल्या दिवसापेक्षा अधिक असेल तर आवर्तने निम्मी करावीत. गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. वर्षानुवर्षांचे दुखणे आठ दिवसांत जात नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. त्यामुळे काहीजणी पुन्हा येत नाहीत, हेही खरे आहे.

सूप, कात्री आणि घर

केवळ व्यायाम देऊन रुग्णाला त्याच कात्रीकडे परत पाठविणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे होय. बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो, म्हणून धार लावणे हा औषधोपचाराचाच भाग समजावा. कात्रीच्या कड्यांना जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळावी. पान पुरेसे भिजलेले असावे. सुपाखाली पाट किंवा उशी घेऊन ते उंचावले की मनगट फार वाकत नाही. पाठ भिंतीला टेकवावी. सगळी पाने एकदम कापून मग सगळ्या विड्या वळण्याऐवजी दोन्ही कामे आलटून पालटून करावीत. शंभर विड्या झाल्या की सूप बाजूला ठेवून एक मिनिट वरील 'आकडा-मूठ-छप्पर' करावे. हजार विड्यांत अशी दहा मिनिटे जातात. ती परवडतात का, अशी शंका आम्हांसही होती. हात आखडत नसल्यामुळे दुपारनंतरचा वेग टिकतो व संध्याकाळचा आकडा फारसा घटत नाही, असे नियमित व्यायाम करणाऱ्या बऱ्याच भगिनी सांगतात. आम्ही याची शास्त्रीय मोजदाद केलेली नाही. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून येथे नोंद करीत आहोत.

रुग्णांच्या नातेवाइकांना येथे काही सांगणे आवश्यक वाटते. ओले धुणे पिळण्याची क्रिया दुखऱ्या अंगठ्याला विडीइतकीच जाचक आहे. ती घरातील पुरुषांनी किंवा मोठ्या मुलांनी करावी. मूल उचलताना अंगठे फाकवून काखेत धरून उचलू नये. एक हात बुडाखाली व एक पाठीखाली घालून उचलावे. भरलेली घागर कडेवर आणणाऱ्या हाताला व्यायामाचा कागद देऊन उपयोग नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका विणकर गृहस्थांनी पत्नीचे व्यायाम स्वतः पाठ केले होते आणि रात्री दिवा मालविण्यापूर्वी ते तिच्याकडून म्हणवून घेत. असे सोबती सर्वांना लाभत नाहीत. मनगटाला काळा दोरा किंवा पट्टी आवळून बांधण्याची मात्र अनेक घरांत चाल आहे. त्याने दाब वाढतो. तिच्याऐवजी मुंग्यांच्या त्रासात रात्री मनगट सरळ ठेवणारी स्प्लिंट वापरावी. देणगीदारांच्या साहाय्याने ती गरजूंना विनामूल्य दिली जाते. साध्या हॉटेलात दोन माणसे जेवावयास जितका खर्च होईल त्याहून तिचा खर्च अधिक नाही, आणि कित्येक रुग्णांना कित्येक महिन्यांनंतर सलग झोप लागते ती तिच्यामुळे.

व्यायामाने सर्व काही बरे होते, असा दावा आम्ही करीत नाही. कार्पल टनेलच्या विकारात केवळ व्यायामाने गुण येतो याचे पुरावे तोकडे आहेत. स्प्लिंट, कामातील बदल आणि व्यायाम यांची जोड आम्हांस अधिक भरवशाची वाटते. डी क्वेर्व्हेनच्या विकारात आवरणात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने बहुतेक रुग्णांना चांगला आराम मिळतो. त्या जागेची त्वचा काहींच्या बाबतीत पांढुरकी पडते आणि मधुमेहींची साखर काही दिवस चढते, हे आधी सांगून मगच ते दिले जाते. एवढ्यानेही भागले नाही, तर केवळ हात बधिर करून होणारी छोटी शस्त्रक्रिया आहे व त्यात बोगद्याचे छत मोकळे केले जाते. तिची धास्ती घेण्याचे कारण नाही, पण ती लांबविण्याचेही काही वेळा परिणाम होतात. बोटांचा बधिरपणा चोवीस तास टिकू लागला, हातातून भांडी निसटू लागली, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर व्यायामात आणखी एक दिवसही घालवू नये. नस फार काळ दबून राहिली तर शस्त्रक्रियेनंतरही गेलेले बळ पूर्णपणे परत येईलच असे नाही. सकाळी तासभर बोटांचे अनेक सांधे आखडत असतील, ताप असेल, किंवा हात पडल्या-आपटल्यानंतर दुखू लागला असेल, तर तो वेगळा आजार समजून तातडीने दाखवावे.

विश्वस्त मंडळासमोर या विभागासाठी दोन प्रस्ताव आले होते. एक, नवे विद्युत उपचार यंत्र घेण्याचा. दुसरा, आठवड्यातून दोन दिवस वस्तीत जाऊन व्यायाम शिकविणाऱ्या भौतिकोपचार तज्ज्ञांच्या वेतनाचा. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, वेतनावर लावता येत नाही, ही अडचण चर्चेत मोकळेपणाने मांडली गेली. मंडळाने दुसरा प्रस्ताव स्वीकारला. ज्या देणगीदारांनी आपली देणगी यंत्राऐवजी या कामाकडे वळविण्यास संमती दिली, त्यांनी आपले नाव प्रसिद्ध न करण्याची अट घातली आहे. तिचा मान राखून येथे फक्त ऋणनिर्देश करतो.

व्यायामाचा चित्रमय तक्ता मराठी व तेलुगू अशा दोन्ही भाषांत छापून घेतला असून तो भौतिकोपचार विभागात मागताक्षणी मिळतो. मनगटदुखीसाठी प्रथमच येणाऱ्या विडी कामगार भगिनींनी केसपेपरबरोबर आपले सूप, कात्री आणि थोडी भिजविलेली पाने आणावीत. त्या नेहमी बसतात तशा जमिनीवर बसून दहा विड्या वळून दाखवितात, आणि तपासणीला तेथूनच प्रारंभ होतो.